वाट पाहणे आणि टिपणे : लातूरच्या पाणीगाडीच्या छायाचित्रांच्या निमित्ताने

रेल्वेगाडीचे छायाचित्र हा विषय विद्यापीठीय समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. हौशी मंडळींचा तो छंद, फार तर वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचा रोजचा व्यवसाय, अशी समजूत रूढ आहे. परंतु २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास रेल्वेने पाणी पुरविण्यात आले आणि त्या गाडीची चित्रे महाराष्ट्राबाहेर, किंबहुना देशाबाहेरही पोहोचली, तेव्हा ह्या उपेक्षित प्रकारास एकाएकी मोठे सामाजिक वजन प्राप्त झाले. लातूर म्हणजे काय, मराठवाडा म्हणजे काय, ह्याविषयी असंख्य लोकांची कल्पना त्या चित्रांनी घडविली, व ती अद्यापि पुसली गेलेली नाही. तेव्हा ती चित्रे कोणत्या दृष्टीने घेतली गेली, त्यांत कशाची घाई झाली आणि कोणत्या ठिकाणी हात आवरावयास हवा होता, हे पाहणे समीक्षेचे काम ठरते.

प्रथम वस्तुस्थिती. लातूरला पाणी पुरविणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्च २०१६ मध्ये पाणीवाटपाच्या जागी जमाव होऊ नये म्हणून जिल्हा प्रशासनाने फौजदारी प्रक्रिया संहितेचे १४४ वे कलम लागू केले. ११ एप्रिल रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन दहा टाक्यांची पहिली गाडी निघाली व १२ तारखेच्या पहाटे ती लातुरास पोहोचली. प्रत्येक टाकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. म्हणजे एकंदर सुमारे ५ लाख लिटर. पुढे टाक्यांची संख्या ५० पर्यंत वाढली व एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. ऑगस्टपर्यंत अशा शंभराहून अधिक खेपा झाल्या. गाडीस 'जलदूत' हे नाव मिळाले. कालिदासाने मेघास दूत केले होते. मेघ न आल्यामुळे दूताचे पद रेल्वेकडे आले, असे म्हणता येईल.

ह्या गाडीचा सुमारे ३४० किलोमीटरांचा मार्ग अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर ही ठाणी म्हणजे जुन्या बार्शी लाइट रेल्वेचीच ठाणी होत. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप ह्या अभियंत्याने अडीच फुटी रुळांची ही लहान रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली. १९०६ मध्ये ती पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास व १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. लातूर-कुर्डुवाडी मार्गाचे रुंद रुळांत रूपांतर २००७-०८ च्या सुमारास झाले, पंढरपूर-मिरज मार्गाचे त्यानंतर. धाराशिवाजवळ मार्गही काहीसा बदलला. हे रूपांतर झाले नसते तर जलदूत मिरजेहून ह्या मार्गाने लातुरास येऊच शकला नसता. जी रेल्वे एके काळी वारकऱ्यांस पंढरीस नेई व लातूरच्या बाजारपेठेचा माल वाहून नेई, तिच्याच वाटेने १०५ वर्षांनी पाणी आले. एवढा मोठा अर्थ एका वाटेत साठलेला असताना, प्रसिद्ध झालेल्या चित्रांत वाट जवळजवळ दिसतच नाही. दिसतात त्या केवळ टाक्या.

येथे भाषेची साक्ष काढणे अप्रस्तुत होणार नाही. थांबून राहणे ह्या अर्थी मराठी माणूस 'वाट पाहतो'. येणारा ज्या वाटेने यावयाचा त्या वाटेवर डोळे लावणे, असा ह्या शब्दप्रयोगाचा मूळ भाव आहे. अर्थात् आपल्या भाषेत थांबणे ही निष्क्रिय अवस्था नसून ती एक दर्शनक्रिया आहे. संस्कृतातील 'प्रतीक्षा' हा शब्दही 'ईक्ष्' म्हणजे पाहणे ह्या धातूपासूनच सिद्ध होतो, आणि अपेक्षा, परीक्षा, उपेक्षा व समीक्षा हे त्याचेच सहोदर होत. इंग्रजी 'वेट' ह्या शब्दाचेही मूळ पहारा करणे, टेहळणे ह्या अर्थापर्यंत जाते. इतक्या भाषांनी थांबणे आणि पाहणे ह्यांची गाठ मारलेली असता, छायाचित्रकाराचा धीर म्हणजे केवळ गाडी येईपर्यंतचा मोकळा वेळ, असे समजणे चूक होय. गाडी येण्यापूर्वी तो जे पाहतो त्यावरच गाडी आल्यानंतरचे चित्र अवलंबून असते. ऊन कोणत्या बाजूने आहे, वळणावर बाभळीची सावली कोठवर पोहोचते, फाटकापाशी कोण उभे आहे व ते कशासाठी उभे आहे, हे सारे त्या मोकळ्या मानलेल्या वेळातच कळावयाचे असते.

ह्याच्या उलट, छायाचित्र घेण्याच्या क्रियेस मराठीत जे शब्द आहेत ते काहीसे संमिश्र स्वभावाचे आहेत. आपण फोटो 'काढतो', जसे विहिरीतून पाणी काढतो. आपण दृश्य 'टिपतो'. पाखरू दाणे टिपते, टिपकागद शाई टिपतो, विद्यार्थी व्याख्यानातील मुद्दे टिपून घेतो. आणि शिकारी सावजही टिपतो. एकाच क्रियापदात हळुवार उचलणे आणि अचूक मारणे हे दोन्ही अर्थ नांदतात. छायाचित्रणाच्या नीतीचा सगळा प्रश्न ह्या दोन अर्थांच्या मधल्या जागेत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

कारण शिकाऱ्यालाही धीर असतो. धीर आणि संयम हे शब्द आपण जोडीने वापरतो व त्यामुळे ते एकच आहेत असा भास होतो. परंतु धीर हा काळाशी संबंधित गुण आहे आणि संयम हा हाताशी. 'संयम' ह्यातील 'यम्' हा धातू लगाम खेचणे, आवरून धरणे ह्या अर्थाचा आहे. 'यंत्र' हा शब्दही त्याच धातूचा, ही मोठी सूचक गोष्ट आहे. एखाद्यापाशी अपार धीर असून संयम मुळीच नसणे शक्य आहे. विलोबी वॉलेस हूपर हा ब्रिटिश लष्करी अधिकारी व छायाचित्रकार ह्याचे ठळक उदाहरण होय. १८७६ ते १८७८ ह्या काळातील मद्रास इलाख्याच्या दुष्काळात त्याने अस्थिपंजर झालेल्या स्त्रीपुरुषांस ओळीने बसवून त्यांची चित्रे घेतली. पुढे मंडाले येथे गोळ्या घालून मारावयाच्या कैद्यांचे, गोळी लागण्याच्या नेमक्या क्षणीचे चित्र मिळावे म्हणून त्याने वाट पाहिली, असा आरोप त्याच्यावर झाला आणि त्यावरून मोठा गदारोळ उठला. धीराची त्याच्यापाशी कमतरता नव्हती. ज्या ठिकाणी यंत्र मिटून ठेवावयाचे ते ठिकाण त्यास ओळखता आले नाही. दुष्काळ आणि कॅमेरा ह्यांचा आपल्या देशातील संबंध असा आरंभापासूनच डागाळलेला आहे, आणि लातूरच्या चित्रांकडे पाहताना हा पूर्वेतिहास विसरून चालत नाही.

रेल्वेच्या छायाचित्रणात धीर आणि संयम ह्यांची गरज इतर प्रकारांहून अधिक का, ह्याला एक तांत्रिक कारणही आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १६ ते १७ मीटर पुढे सरकते. सेकंदाच्या अडीचशेव्या भागात ती सहा-सात सेंटिमीटर जाते, हजाराव्या भागात दीड-दोन सेंटिमीटर. म्हणजे चित्रास लागणारा क्षण अत्यंत अल्प आणि त्यापूर्वीची प्रतीक्षा मात्र तासांची. पूर्वी ६ सेंटिमीटरांच्या चौकोनी चित्रांच्या फिल्मवर एका गुंडाळीत अवघी बारा चित्रे मावत. ३५ मिलिमीटरच्या गुंडाळीत छत्तीस. प्रत्येक चित्राला पैसे पडत, धुण्याछापण्याचा खर्च निराळा. त्या काळचा संयम हा पुष्कळसा खिशाने लादलेला होता हे मान्य केले पाहिजे. त्यात उगाच नैतिक तेज पाहण्याचे कारण नाही. आजचा कॅमेरा एका सेकंदात दहा-वीस चित्रे घेतो आणि त्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खिशाचा लगाम सुटला आहे. आता लगाम खेचावयाचा तर तो केवळ बुद्धीनेच.

ह्या संदर्भात कार्तिए-ब्रेसाँच्या 'निर्णायक क्षणा'चे नाव घेण्याची प्रथाच पडून गेली आहे. १९५२ च्या त्या ग्रंथाचे फ्रेंच शीर्षक काही निराळेच होते. त्याचा भाव घाईघाईने, नकळत उचललेली चित्रे असा काहीसा आहे. 'निर्णायक क्षण' हे इंग्रजी आवृत्तीचे शीर्षक लोकप्रिय झाले आणि त्याबरोबर क्षणाची पूजाही. रेल्वेपुरते बोलावयाचे तर त्याच छायाचित्रकाराने फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी घेऊन जाणाऱ्या गाडीची जी चित्रे घेतली ती अधिक बोधप्रद आहेत. त्यांत गाडी दुय्यम आहे. गाडीकडे पाहणारी, तिच्याकडे हात पसरणारी माणसे हाच विषय आहे.

सत्यजित राय ह्यांच्या 'पथेर पांचाली'तील (१९५५) रेल्वेचे दृश्य सर्वांस ठाऊक असते. त्यामागील प्रतीक्षा तितकी ठाऊक नसते. काशफुलांनी भरलेल्या माळावर त्या दृश्याचा काही भाग चित्रित झाला. उरलेल्या भागासाठी मंडळी पुन्हा तेथे गेली तेव्हा गुरांनी सारी फुले फस्त केली होती. दुसरा एखादा माळ वा दुसरे एखादे गवत त्यांनी शोधले नाही. पुढच्या हंगामाची फुले येईपर्यंत ते दृश्य थांबले. येथे मात्र एक गोष्ट निर्भेळ स्तुतीच्या आड येते. इंजिनातून काळाभोर धूर नेमक्या जागी निघावा म्हणून त्यांनी आपला एक माणूस इंजिनावर बसविला होता. म्हणजे फुलांसाठी वर्षाची प्रतीक्षा आणि धुरासाठी योजना. कल्पित कथेत हे सर्वस्वी क्षम्य आहे. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक ह्याने १९५५ ते १९६० ह्या काळात वाफेच्या शेवटच्या इंजिनांची जी रात्रीची चित्रे घेतली त्यांत तर प्रकाश, माणसे, मोटारी सर्वच मांडलेले असे. त्याच्या सर्वांत गाजलेल्या चित्रात पडद्यावर दिसणारे विमान मागाहून जोडलेले आहे. त्याने ते कधी वृत्त म्हणून पुढे केले नाही. वृत्तचित्राचा वाचकाशी असलेला करार वेगळा असतो, आणि लातूरची चित्रे ही वृत्तचित्रे होती.

मराठवाड्यात रेल्वे-छायाचित्रणाची एक जुनी परंपरा आहे, पण ती आपली नव्हे. बार्शी लाइटची व पूर्णेच्या मीटर गेज शेडमधील वाफेच्या इंजिनांची जी चित्रे ग्रंथांतून आढळतात, त्यांत परदेशी छंदिष्टांचा वाटा मोठा आहे. इकडच्या माणसाने स्थानकावर कॅमेरा काढावा अशी परिस्थितीच बराच काळ नव्हती. परवानगीवाचून छायाचित्रण मना, पूल व स्थानके ही संरक्षणाच्या दृष्टीने नाजूक स्थळे, असा खाक्या होता. परदेशी पाहुणे रीतसर परवाने घेऊन येत आणि चिकाटीने काम करीत. त्यांच्या चित्रांचे काही संकेत ठरलेले आहेत : सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी, इंजिनाचा तोंडवळा व एक बाजू दोन्ही दिसतील असा तिरपा कोन, चाकांना जोडणारा दांडा खालच्या स्थितीत, धूर मोकळ्या आभाळावर. ही चित्रे इतिहासाच्या दृष्टीने अमोल आहेत. कॅल्थ्रॉपने पाच टनांहून अधिक भार एका आसावर पडू नये अशा बेताने आखलेली ती इंजिने कशी दिसत, हे आज आपणांस त्यांच्यामुळेच कळते. परंतु त्यांच्या संयमात एक वगळणेही आहे. छंदिष्ट थांबतो तो बहुधा माणसे बाजूस होईपर्यंत. खिडकीतून डोकावणारे मूल, टपावर बसलेले वारकरी, फाटकापाशी खोळंबलेली बैलगाडी ही त्याच्या लेखी इंजिनाच्या आड येणारी अडचण असते. पाहण्यासारखे काय आणि आड येणारे काय, हे ठरविल्यावरच वाट पाहता येते. त्यामुळे दीर्घ प्रतीक्षेतही पूर्वग्रह सुखाने राहू शकतो.

आता पुन्हा लातूरच्या चित्रांकडे. वृत्तपत्रांतून व समाजमाध्यमांतून आलेल्या चित्रांचे स्थूलमानाने तीन साचे दिसतात. पहिला, टाक्यांची लांबच लांब रांग. दुसरा, गाडीपाशी जमलेली गर्दी व गाडीसह स्वतःची छबी घेणारे लोक. तिसरा, रिकाम्या घागरींची रांग किंवा तळ गाठलेली विहीर, जिचा गाडीशी प्रत्यक्ष संबंध चित्रात नसून शेजारी छापण्यामुळे जुळतो.

पहिल्या साच्यात भिंगाची निवड हाच मुख्य मुद्दा आहे. टेलिफोटो भिंगाने दूरून पाहिले असता टाक्या एकमेकींवर चढल्यासारख्या, दाटीवाटीने दिसतात. दहा टाक्यांची गाडीही अंतहीन वाटू लागते. पन्नास टाक्यांची गाडी खरोखरच सहाशे मीटरांच्या घरात जाते व तिच्या बाबतीत हा परिणाम वस्तुस्थितीस फारसा सोडून नाही. पहिल्या दिवशीच्या गाडीविषयी मात्र तो अतिशयोक्तीचा अलंकार ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. पाच लाख लिटर पाणी इतक्या माणसांत वाटले तर दरडोई सुमारे १.३ लिटर येते. पन्नास टाक्यांच्या गाडीचे पाणीही दरडोई साडेसहा लिटरच, म्हणजे अर्धी घागर. चित्रात मात्र समुद्र आल्यासारखा दिसतो. चित्रांखालील ओळींनी ह्या आभासास हातभार लावला. लातूरकरांची तहान भागली, ह्या धर्तीची वाक्ये पाणी नळाला येण्यापूर्वीच, गाडी स्थानकात उभी असतानाच लिहिली गेली. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर अपूर्ण क्रियेला पूर्ण भूतकाळाचे रूप देण्यात आले. पाणी टाक्यांतून उतरावयाचे, साठावयाचे, शुद्ध व्हावयाचे, मग टँकरने गल्लीत पोहोचावयाचे. ह्या साखळीतला प्रत्येक दुवा छायाचित्राचा विषय होता आणि प्रत्येकासाठी तास-दोन तास थांबावे लागले असते. जो छायाचित्रकार गाडीबरोबर येऊन गाडीबरोबरच परतला, त्याला पाण्याची गोष्ट मिळाली नाही. त्याला गाडीची गोष्ट मिळाली.

दुसऱ्या साच्याविषयी थोडे अधिक कठोर बोलणे भाग आहे. गाडीवर पक्षीय फलक लावण्यात आले व त्यावरून टीका झाली. त्याच दिवसांत लातूर जिल्ह्यात मांजरेच्या पात्रातील साई येथील कामाच्या जागी तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी स्वतःची छबी घेऊन प्रसिद्ध केली आणि तिच्यावरही काहूर उठले. ह्या प्रकरणातील राजकारण येथे बाजूस ठेवावे. काम होत असल्याचे समाधान व्यक्त करण्याचा त्यामागील हेतू होता, असे मानावयासही प्रत्यवाय नाही. प्रश्न चित्रप्रकाराचा आहे. स्वतःच्या छबीत घेणारा माणूस, ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याकडे पाठ करून उभा असतो. वाट पाहण्याच्या अगदी विरुद्ध अशी ही शरीरस्थिती आहे. गाडी, नदी, दुष्काळ हे सर्व तिच्यात पार्श्वभूमी होऊन जाते. रुळांपाशी तर ही पाठमोरी स्थिती प्राणावरही बेतते. विनापरवाना रुळांच्या हद्दीत शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशा शिक्षेस पात्र असलेला गुन्हा आहे; परंतु कायद्याहून साधी गोष्ट अशी की, येणाऱ्या गाडीचा वेग समोरून नीट कळत नाही, आणि पाठ फिरविल्यावर तर मुळीच कळत नाही.

तिसऱ्या साच्याबाबत निर्णय देणे तितके सोपे नाही. विहिरीच्या तळाशी उतरलेल्या मुलीचे चित्र घ्यावे की न घ्यावे? न घ्यावे असे म्हणणाऱ्यांस एक उत्तर तयार आहे व ते बिनतोड वाटण्याजोगे आहे : अशीच चित्रे दूरच्या वाचकांपर्यंत पोहोचली, त्यांच्यामुळे गवगवा झाला, गवगव्यामुळे सरकार हलले. संयमाची भाषा ही पोट भरलेल्यांची भाषा आहे, घाईची चित्रे उपयोगी पडली, असा ह्या युक्तिवादाचा रोख आहे. त्यातील तथ्य नाकारता येत नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाच्या वेळीही ढिगाऱ्यांची चित्रे पाहूनच मदतीचा ओघ वाढला असे म्हणता येईल. परंतु ह्या युक्तिवादात चित्र घेणे आणि चित्र कसेही घेणे ह्या दोन गोष्टी एक मानल्या जातात. रांगेतील स्त्रीस पुन्हा एकदा घागर उचलावयास सांगणे, मुलास कॅमेऱ्याकडे पाहावयास लावणे, टँकर येण्यापूर्वीच घागरी कलंडवून त्या रिकाम्या असल्याचे ठसविणे, ह्यांपैकी कशानेही मदत लवकर येत नाही. वृत्त मात्र हूपरच्या वाटेने काही पावले जाते. रांगेतील स्त्री स्वतः वाट पाहत असते, तिची प्रतीक्षा छायाचित्रकाराच्या प्रतीक्षेहून दीर्घ असते आणि ती तिने निवडलेली नसते. तिच्या शेजारी तितकाच वेळ उभे राहून मग घेतलेले चित्र आणि मोटारीतून उतरून दोन मिनिटांत घेतलेले चित्र, ही दोन्ही कदाचित सारखीच दिसतील असा आक्षेप येथे कोणी घेईल. एखाद-दुसरे चित्र तसे दिसेलही. पाच-सहा चित्रांची मालिका पाहिली की फरक लपत नाही : पहिल्या प्रकारात रांगेला क्रम असतो, बोलणे असते, कंटाळा असतो, विनोदही असतो, दुसऱ्यात केवळ घागरी असतात.

नांदेडची तुलना येथे उपयुक्त ठरते. नांदेड हे मनमाडहून सिकंदराबादेस जाणाऱ्या, १९०० च्या सुमारास बांधल्या गेलेल्या गोदावरी खोऱ्यातील रेल्वेवरचे ठाणे. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली व २००३ मध्ये नांदेड हा तिचा स्वतंत्र विभाग झाला. लातूर मात्र मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. दोन शेजारी जिल्हे, दोन निरनिराळे रेल्वे विभाग. आणि नांदेडहून लातुरास रेल्वेने जावयाचे तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा मोठा वळसा. नांदेडच्या फलाटावर अमृतसरकडे जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसची वाट पाहत बसलेले यात्रेकरू हे दृश्य नित्याचे आहे. २००८ मध्ये गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त तेथे लोटलेली गर्दी वृत्तपत्रांतून दिसली. नित्याचा फलाट दिसत नाही. छायाचित्राचा बाजार संकट आणि उत्सव ह्या दोनच ऋतूंत चालतो. संकटाच्या वेळी लातुरास आलेल्या परगावच्या छायाचित्रकारास ह्या प्रदेशातील गाडीचे साधे, रोजचे रूप ठाऊक नसते. साहजिकच असाधारण काय आहे हेही त्यास नेमके सांगता येत नाही. स्थानिक छायाचित्रकाराची जबाबदारी येथे सुरू होते, व विद्यापीठातील माध्यमांच्या विद्यार्थ्यांचीही. बार्शी लाइटचे रूळ उखडले गेले, मीटर गेज गेली, अलीकडच्या वर्षांत विद्युतीकरणाचे खांब उभे राहिल्यामुळे मोकळ्या आभाळावरची गाडी हेही दृश्य दुर्मीळ होत चालले. हातवारी सिग्नलचा हात खाली आला की 'सिग्नल पडला' असे म्हणण्याची रीत होती, आणि पडणे म्हणजे वाट मोकळी होणे, हा त्या क्रियापदाचा अपवादात्मक शुभ अर्थ होता. ते सिग्नल जसजसे नाहीसे होत गेले तसतसा हा अर्थही विरत चालला आहे. अशा गोष्टींचे चित्र घ्यावयास कोणी संपादक पाठवीत नाही.

चित्रांच्या नोंदींबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. जलदूताची जी चित्रे आज सहज उपलब्ध होतात त्यांतील पुष्कळांवर दिनांक नाही, असला तर स्थळ नाही, आणि टाक्या दहा की पन्नास हे चित्रावरून मोजता येत नाही. २०१९ मध्ये जोलारपेट्टैहून चेन्नईस पाणीगाड्या गेल्या तेव्हा त्यांची चित्रेही ह्याच साच्यांतून निघाली : तीच रांग, तेच हारतुरे. तपशील पुसला गेला की एका गाडीचे चित्र दुसरीच्या बातमीस लावण्यात अडचण राहत नाही. संशोधकास चित्राचा पुरावा म्हणून उपयोग करावयाचा असेल तर छायाचित्रकाराने थांबून लिहिलेली एक ओळ, गाडी कोणती, कोठे, कोणत्या दिवशी, किती वाजता, ही कित्येकदा चित्राहून मोलाची ठरते.

आणखी एक उणीव नोंदविली पाहिजे. प्रत्येक भरल्या खेपेमागून एक रिकामी खेप होती. टाक्या लातुरास उतरल्या की तीच गाडी बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर ह्या वाटेने मिरजेस परत जाई. रिकाम्या टाक्यांचा आवाज निराळा असतो आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाचे तिच्याकडे पाहणेही निराळे असणार. त्या परतीच्या गाडीचे चित्र प्रसिद्ध चित्रांच्या एवढ्या मोठ्या गर्दीत शोधूनच काढावे लागते. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरले, आणि भरलेल्या धरणाची चित्रे मात्र पुष्कळ आली.